पाचवीला कुठं घालायचं : गावची झेडपी की तालुक्याचं हायस्कूल

चौथी झाली की आमच्या बीड जिल्ह्यात घरोघरी हाच विषय. गावात आठवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा आहे तर तिथंच ठेवायचं, का तालुक्याच्या अनुदानित हायस्कूलला टाकायचं? आमच्या घरी दोन्ही झालंय, पोरगा हायस्कूलला आणि धाकटी झेडपीला, म्हणून सांगतो, बाकी ज्याचं त्यानं बघावं.

पुस्तकं, खिचडी यात आठवीपर्यंत फार फरक नाही. एनएमएमएस, म्हणजे आठवीतली शिष्यवृत्तीची परीक्षा, ती पण दोन्हीकडची पोरं देऊ शकतात (उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत, लागली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार), त्यामुळं तेवढ्यासाठी तालुका गाठायची गरज नाही.

राहिला निकाल. हायस्कूलच्या गेटवर फ्लेक्स असतो, दहावी शंभर टक्के, खाली फोटो. पण आपण चाललोय पाचवीला, आणि फोटोतली बरीचशी पोरं मास्तरांची, दुकानदारांची, सकाळ-संध्याकाळ क्लासला जाणारी, मग त्यात शाळेचं किती न क्लासचं किती हे कोण सांगणार? झेडपीत उलटं. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला निघतात त्या गुढीपाडव्याच्या आसपास परत, आजी-आजोबा किंवा हंगामी वसतिगृह असेल तर पोरं मागं राहतात नाहीतर फडावर. चार-पाच महिने वर्गातच नसलेलं पोर चाचणीला बसलं की सरासरी पडणारच, आणि नाव शाळेचं खराब. वर्षभर बसणाऱ्या पोरांचं वेगळं काढून बघा ना.

माझं डोकं फिरलं ते वह्यांवरून. हायस्कूलच्या तुकडीत साठच्या वर पोरं. पोराची गणिताची वही उघडली तर पानोपानी लाल टिक, आणि ३/४ + १/२ = ४/६ यालाही टिक! सरांना विचारलं तर म्हणाले एवढ्या वह्या कधी बघू. त्यांचंही खरंय म्हणा, आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, सहावी ते आठवीला एका शिक्षकामागं ३५ पोरं लिहिलीत पण धरतंय कोण. धाकटीच्या वर्गात विसेक जण, तिचंही असलंच गणित चुकलं तेव्हा बाईंनी नेमक्या पायरीला गोल करून बाजूला लिहिलेलं, छेद सारखे कर. मला तेवढं पुरलं.

झेडपीचं सगळं गोड आहे असं नाही. इलेक्शन आलं, सर्व्हे आला की गुरुजी गायब, प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. त्यामुळं आधी यू-डायसवर (सरकारची शाळांच्या माहितीची वेबसाइट) पटसंख्या बघा, आणि शाळेत जाऊन गणित-विज्ञानाची जागा भरलेली आहे का एवढं विचाराच. ती रिकामी असेल तर मी पण तालुकाच म्हणेन. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, फक्त संध्याकाळची गाडी शाळा सुटल्यावर किती वेळानं आहे ते स्टँडवर विचारून घ्या.