लेझर, भागीदारीतली बोट की दुसऱ्याच्या बोटीवर क्रू? मुंबईत मोठेपणी सेलिंग सुरू करणाऱ्यांसाठी

मुंबईत डिंगी (शिडाची छोटी होडी) सेलिंगची चौकशी करणारी माणसं साधारण दोन वयांत भेटतात. एक पंचविशी-तिशीतली, ज्यांच्या घरी अजून पाळणा हललेला नाही. दुसरी पंचेचाळिशी ओलांडलेली, ज्यांच्या मुलांना रविवारी आता आईबाबा नको असतात. मधली पंधरा वर्षं फारसं कोणी विचारत नाही, आणि का ते उघड आहे. दोन्ही वयांचा पहिला प्रश्न मात्र एकच: "बोट केवढ्याला पडते?"

त्याचं उत्तर पुढे देतो. पण निर्णय त्यावर घेऊ नका. बोटीचे पैसे एकदा दिले की दिले. रविवार दर आठवड्याला द्यावा लागतो, आणि या शहरात जास्त महाग तोच आहे.

पर्याय तीन. स्वतःची, एकट्याने चालवायची लेझर. कुणाबरोबर निम्म्या खर्चात घेतलेली दोघांची बोट, म्हणजे एंटरप्राइज किंवा त्यासारखी डिंगी. किंवा बोटच न घेता दुसऱ्याच्या बोटीवर क्रू म्हणून जाणं. क्लबचं सभासदत्व किंवा एखाद्या प्रशिक्षण केंद्राची फी तिन्हींत लागतेच, म्हणून ती तुलनेत धरत नाही. जुन्या क्लबांत पैशांपेक्षा ओळख आणि प्रतीक्षा यादी जास्त आडवी येते. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा आहे. अशा ठिकाणी अर्ज केल्यावर पुढच्या महिन्यात पाण्यात उतरू ही अपेक्षा ठेवू नका. फक्त सेलिंगपुरतं वेगळं सभासदत्व मिळतं का, हे जिथे जाल तिथे आधी विचारा.

एकट्याची लेझर

ब्रूस किर्बी यांनी आखलेली ही बोट १९७१ मध्ये बाजारात आली. २०१९ पासून तिचं अधिकृत नाव इल्का आहे, पण तोंडात लेझरच बसलंय. लांबी ४.२ मीटर, हल, म्हणजे बोटीचं नुसतं अंग, जेमतेम ५९ किलोचा, एकच शीड. ट्रॉलीवर ठेवली की एकटा माणूस ती उतारावरून पाण्यात नेऊ शकतो. उलटली तर डॅगरबोर्डवर, म्हणजे बोटीच्या पोटातून खाली पाण्यात घातलेल्या फळीवर, उभं राहून मिनिटाभरात सरळ करता येते आणि आत पाणी साठत नाही. बंदरात भरती-ओहोटीचा ओढा असताना याची किंमत कळते.

आता पैसे. नवी इल्का युरोपातच सहा हजार युरोंच्या पुढे जाते. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर सहा लाख. सेलबोटी जीएसटीत 'करमणुकीच्या नौका' म्हणून मोजल्या जातात आणि त्यांचा दर सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून ४० टक्के झाला. म्हणजे जहाजाचं भाडं आणि सीमाशुल्क धरण्याआधीच साडेआठ लाखांच्या जवळ. अंबानींच्या यॉटला आणि ५९ किलोच्या फायबरच्या होडीला एकच कर, हा विनोद सरकारला कधी कळेल कोण जाणे.

म्हणून बहुतेक लोक जुनी घेतात, आणि तेच शहाणपणाचं आहे. जुनी बघताना रंगावर जाऊ नका. डोलकाठी ज्या खड्ड्यात बसते त्यात काठोकाठ पाणी भरा आणि चहा प्यायला जा. परत आल्यावर पातळी उतरलेली असेल तर बोट घेऊ नका, कारण तिथली गळती दुरुस्त झाली नाही तर एखाद्या जोराच्या वाऱ्यात डोलकाठी डेक फाडून बाहेर येते. मग हलचं वजन करा. ५९ ऐवजी काटा ६५ दाखवत असेल तर आत पाणी मुरलेलं आहे. डेकवर अंगठ्याने दाबत जा. जिथे दबतो तिथे थर सुटलाय. एवढं केलंत की विक्रेत्याच्या गोष्टी ऐकायची गरज उरत नाही.

लेझरची मोठेपणी सगळ्यात उपयोगी पडणारी बाजू वेगळीच आहे. एकाच हलवर तीन मापांची शिडं चढतात: ७.०६, ५.७६ आणि ४.७ चौरस मीटर. ऐंशी किलोच्या तरुणाला मोठं शीड पेलतं, पासष्ट किलोच्या माणसाला मधलं. वय वाढलं, गुडघे कुरकुरायला लागले, तर खालची काठी आणि शीड बदलायचं, बोट तीच. मास्टर्सच्या स्पर्धांत ४५ ते ५४, ५५ ते ६४, ६५ ते ७४ असे गट आहेत आणि ७५ च्या पुढच्यांना लेजंड म्हणतात. तेव्हा 'आता वय झालं' ही सबब इथे चालत नाही.

गुडघे मात्र खरंच कुरकुरतात. वारा वाढला की पाय पट्ट्याखाली अडकवून सगळं अंग बोटीबाहेर झोकायचं, त्याला हायकिंग म्हणतात. मांड्या पेटतात, कंबर धरते. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी एकदम हे केलंत तर सोमवारी लोकलच्या पायऱ्या चढताना कठडा धरावा लागेल. पाठीचं दुखणं आधीपासून असेल तर लेझर घेऊच नका.

बदल्यात काय मिळतं? संपूर्ण एकांत, आणि चूक झाली तर ती फक्त तुमची. दिवसभर मीटिंगांत निर्णयाचं श्रेय आणि खापर वाटून घेणाऱ्या माणसाला याचं केवढं सुख असतं हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. कुलाब्यातल्या आर्मी यॉटिंग नोडवर, म्हणजे लष्कराच्या सेलिंग केंद्रात, सराव करणारे विष्णु सरवनन याच जातीच्या बोटीवर दोन ऑलिंपिकपर्यंत पोहोचले आणि त्यांनी हांगझोऊ आशियाई स्पर्धेत कांस्य मिळवलं. ते ज्या बंदरात टॅक मारतात (वाऱ्यातून तोंड फिरवून बाजू बदलतात) त्याच पाण्यात तुम्ही असता. क्रिकेटवेड्याला वानखेडेवर रविवारी बॅटिंग करता येत नाही.

भागीदारीतली दोघांची बोट

जॅक होल्ट यांची १९५६ ची एंटरप्राइज घ्या. ४.०४ मीटर, हल ९४ किलो, पुढे जिब नावाचं छोटं शीड, मागे मोठं शीड. स्पिनेकर (वारा मागून असताना फुगवायचं मोठं शीड) नाही, ट्रॅपीझ (डोलकाठीच्या तारेला लटकून बोटीबाहेर झुकायची सोय) नाही. त्यामुळे साठीतला माणूसही सुकाणू धरून बसू शकतो आणि विशीतलं पोर पुढे जिब सांभाळू शकतं. वयं, वजनं, तब्येती वेगळ्या असल्या तरी जमतं, हा या बोटीचा मोठा गुण.

मुंबईला याचं उदाहरण लांब शोधावं लागत नाही. १९८२ च्या दिल्ली एशियाडचं सेलिंग इथेच, मुंबईत झालं. एंटरप्राइजचं सुवर्ण पाकिस्तानच्या बैराम आणि गोश्पी अवारी या पारशी नवरा-बायकोने नेलं. बैराम तेव्हा चाळिशीच्या आसपास होते. फायरबॉल या ट्रॅपीझवाल्या बोटीचं सुवर्ण आपल्या फारूख तारापोर आणि जरीर करंजियांचं. दोन्ही जोड्याच.

पण जोडी जमवणं हेच अवघड. पैसे अर्धे होतात, तारखा अर्ध्या होतात, भांडणं दुप्पट. भागीदाराची बंगळुरूला बदली झाली तर त्याचा वाटा कोण घेणार? डोलकाठी मोडली तर चालवणाऱ्याने भरायची की दोघांनी? शीड नवं कधी घ्यायचं? हे सगळं एका कागदावर लिहून दोघांनी सही करा, मैत्री कितीही जुनी असो. खरं तर मैत्री जुनी असेल तर जास्तच.

शिवाय ९४ किलोची बोट ओहोटीला चिखलाच्या उतारावरून वर ओढायला दोघेही पुरत नाहीत; आजूबाजूचे हात लागतात. उलटली की आत पाणी भरतं आणि बादलीने उपसत बसावं लागतं. जुन्या प्लायवुडच्या बोटींत सेंटरबोर्डची (खाली पाण्यात सोडायच्या फळीची) पेटी आणि मागची फळी कुजते, तिथे आधी टोचून बघा.

मिळकत मात्र लेझरपेक्षा मोठी, असं मला वाटतं. बोलायची गरज पडू नये इतकं जमलेलं दोन माणसांचं काम मोठेपणी फार कमी ठिकाणी मिळतं. नवरा-बायको एकत्र जात असतील तर 'रविवारीसुद्धा बाहेर?' हा प्रश्नच मिटतो. तसंच, सुकाणू कोणाच्या हाती यावरून पहिल्या सीझनमध्ये अबोला धरलेली जोडपीही आहेत. ती जोखीम ज्याची त्याने ओळखावी.

बोट नाही, फक्त जागा

हा सगळ्यात स्वस्त मार्ग. लाइफ जॅकेट, ग्लोव्हज, बूट, टोपी, बस्स. शर्यतींच्या दिवशी कुणाचा तरी क्रू गळतो आणि मालक धक्क्यावर माणूस शोधत फिरतो. त्यात एकच गोष्ट विकली जाते: भरवसा. वाऱ्याचं ज्ञान कमी असलं तरी चालतं, पण सहाला सांगितलं तर पावणेसहाला हजर असणारा माणूस लागतो. तोटा उघड आहे. कधी जायचं, कुठे जायचं, कोणतं शीड, सगळं दुसरा ठरवणार. काही वर्षांनी हात शिवशिवायला लागतात.

रविवारचा खरा हिशेब

इथे मात्र थांबून बघा, कारण बहुतेक बोटी इथेच हरतात.

मुंबईत डिंगी चालतात त्या साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्याचे चार महिने बोट दोराने जखडून, उलटी पालथी, झाकणं उघडी ठेवून किनाऱ्यावर. पार्किंगचं भाडं मात्र चालू. उरलेल्या पस्तीसेक रविवारांतून दिवाळी, लग्नं, मुलांच्या परीक्षा आणि आजारपणं वजा करा. वीस उरले तर तुम्ही नशीबवान.

डोंबिवलीहून येणाऱ्याला सीएसएमटीपर्यंत सव्वा तास, पुढे बस किंवा टॅक्सी. त्यात साधारण अकरा ते चार मेगाब्लॉक, म्हणजे जाताना नाही तर येताना सापडणारच. अंधेरीकरांचं ऑक्टोबर २०२५ पासून बरं झालंय, मेट्रो ३ थेट कफ परेडला आणते.

मग भरती-ओहोटी. कोकणातला जुना हिशेब इथे चालतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. पौर्णिमा रविवारच्या जवळ आली तर त्या दिवशी दुपारच्या तोंडावर उधाणाची भरती असते, आणि पुढच्या रविवारी त्याच वेळी पाणी उतरलेलं. उधाणाच्या रविवारी दुपारी तीनच्या सुमारास ओहोटीचा ओढा सगळ्यात जोरात असतो आणि तो बंदराबाहेर नेतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळचे मतलई वारे पडले आणि खारे वारे अजून सुटले नाहीत, अशा वेळेला डिंगी त्या ओढ्याविरुद्ध परत येत नाही. रेस्क्यू बोटच आणते. मार्च ते मे दुपारचा वायव्येचा वारा चांगला भरतो. नवशिक्याला तो जड जातो, जाणत्याला तोच हवा असतो. म्हणजे क्लबची वेळ, पाण्याची वेळ, वाऱ्याची वेळ आणि घरची वेळ, चारही जुळल्या तर तुमचा रविवार.

आता आकडे मांडू. समजा साडेआठ लाखांची बोट दहा वर्षं वापरून अडीच लाखांना विकली: वर्षाला साठ हजार. शिडं, दोर, पार्किंग मिळून समजा आणखी चाळीस. वर्षाला एक लाख. वीस वेळा गेलात तर एका खेपेला पाच हजार. आठच वेळा गेलात तर साडेबारा हजार, आणि मनाला लागणारी टोचणी वेगळी. जुनी लेझर किंवा अर्धी एंटरप्राइज घेतली तर आकडे उतरतात, पण भागाकार तोच राहतो. बोटीची किंमत निम्मी करण्यापेक्षा खेपा दुप्पट करणं स्वस्त पडतं.

मग कोणी काय घ्यावं

पहिले दोन सीझन कोणीही बोट घेऊ नये. कोर्स करा आणि क्रू म्हणून जा. जे वीस रविवार आले त्यांनाच पुढचा विचार लागू.

पंचविशी-तिशीत, अंग साथ देतंय आणि जबाबदारी कमी, तर जुनी लेझर. मूल होईपर्यंत भरपूर चालवा, झालं की विका आणि काही वर्षं फक्त क्रू व्हा. त्या काळात नवी बोट धरून ठेवणारे धूळ आणि भाडं दोन्ही खातात. मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की ऑप्टिमिस्टमध्ये, म्हणजे मुलांच्या छोट्या बोटीत, बसतं, त्या वर्गाची मर्यादा पंधरापर्यंत. तुमचा रविवार आपोआप परत धक्क्यावर येतो.

पंचेचाळिशीनंतर सुरुवात करणाऱ्यांना माझा कौल भागीदारीतल्या बोटीकडे. पैसा असतो, वेळ असतो, पण कंबर नवी नसते. ज्याला माणसांचा खरंच कंटाळा आलाय आणि गुडघे शाबूत आहेत, त्याने मधल्या शिडाची लेझर घ्यावी. साठीनंतर कील (तळाशी वजनदार पातं) असलेल्या मोठ्या बोटीवर क्रू होणं सगळ्यात टिकाऊ: ती डिंगीसारखी उलटत नाही, आणि चार माणसांत वजनाचं आणि दमाचं ओझं वाटलं जातं.

पोहता येत नसेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी पोहायला शिका. बंदराचं पाणी घाण आहे, तेव्हा हातापायाला उघडी जखम असेल तर तो रविवार सोडा.

जुनी बोट शोधायचीच असेल तर मेच्या शेवटी शोधा. पुढे चार महिने भाडं भरून बोट पावसात ठेवायची मालकाला इच्छा नसते, तेव्हाच घासाघीस जमते. ऑक्टोबरात तोच माणूस तीच बोट धुऊन-पुसून चढ्या भावाने दाखवेल.