'टेरर ट्रेन' की 'स्लॉटर हाय'?

छळलेल्या पोराच्या सूडाचा भयपट बघायचाय, पण रात्र एकच? 'टेरर ट्रेन'मध्ये (1980) जेमी ली कर्टिस आहे आणि कॅमेरा 'बॅरी लिंडन' सिनेमावाल्या जॉन अल्कॉटचा. अंधारे डबे बघत राहावेत असे. खुनी मेलेल्याचाच वेश चढवून पार्टीत वावरतो, त्यामुळे डोकं चालवावं लागतं. रक्त बेताचंच.

'स्लॉटर हाय' (1986) म्हणजे इंग्लंडात उभी केलेली अमेरिका, शाळकरी म्हणून तिशीतली माणसं, अभिनय यथातथा. पण छळल्या जाणाऱ्या मार्टीला नागवं करून संडासात डोकं बुडवतात, तो प्रसंग इतका किळसवाणा आहे की सगळी सहानुभूती त्यालाच. नळातून अ‍ॅसिड येतं तो प्रसंग (जेवताना बघू नका!) कमाल. शेवट फसलाय.

रहस्य हवं असेल तर ट्रेन पकडा. मित्रांसोबत हसत-किंचाळत रक्तपात बघायचा असेल तर शाळा.