झोर्नल प्लस प्लसमध्ये टेक्स्ट बॉक्स सरकवणं: काही महिने वापरल्यावर

झोर्नल प्लस प्लस (Xournal++) म्हणजे हाताने नोट्स लिहायचं आणि पीडीएफवर खुणा करायचं सॉफ्टवेअर. पेनाने लिहायला ते कसंय यावर भरपूर लोक बोलतात, मी बोलतोय ते टाइप केलेल्या मजकुराबद्दल, कारण माझं काम म्हणजे पीडीएफवर आकृत्या काढायच्या आणि त्यांना नावं द्यायची, आणि नाव पहिल्या फटक्यात जागेवर बसलंय असं सहसा होत नाही.

नवीन माणूस हमखास इथे अडकतो: टेक्स्ट टूल हातात असताना बॉक्स ओढता येत नाही, क्लिक केलं की कर्सर आत जातो, बस. हलवायचं तर सिलेक्शनचं टूल घ्यायचं. चौकोन किंवा लासोने (मोकळ्या हाताने काढलेल्या फासाने) घेरताना अख्खा मजकूर आत हवा, शेपूट बाहेर राहिली की काहीच हाती लागत नाही. सगळं नीट घेरूनही रिकामा हात आला तर आधी लेयर, म्हणजे पानावरचा थर, बघा, मजकूर दुसऱ्याच थरावर असेल. एकट्या बॉक्ससाठी मी सरळ सिलेक्ट ऑब्जेक्ट हे टूल घेतो, एक क्लिक आणि काम झालं.

ओढण्यापेक्षा ॲरो कीज बऱ्या. शिफ्ट धरून मोठी उडी, ऑल्ट धरून अगदी बारीक. माउसने ओढताना ग्रिड स्नॅपिंग (पानावरच्या चौकटींना आपोआप जुळवणं) चालू असेल तर बॉक्स स्वतःच्या मर्जीने चौकटीला जाऊन चिकटतो, तेव्हा ऑल्ट दाबून ठेवायचं.

आता खरी कटकट. बॉक्स म्हणतात पण त्याला रुंदी नाहीच! ओळ आपोआप तुटत नाही, एंटर तुम्हीच मारायचा. आणि फाइलमध्ये जागा लिहिलेली असते ती वरच्या डाव्या कोपऱ्याची, म्हणजे फॉन्ट १२चा १६ केला की कोपरा तिथेच राहतो आणि मजकूर उजवीकडे आणि खाली पसरतो, वर्तुळाच्या मधोमध बसवलेलं नाव गेलं बाजूला. म्हणून मी साइज आधी ठरवतो, सरकवणं शेवटी. कोपरा धरून ओढलं तरी फॉन्टच मोठा होतो, चौकट नाही. तिरका तर करताच येत नाही, उभ्या अक्षाला नाव देताना हे फार खटकतं.

पण व्हर्टिकल स्पेस नावाचं टूल आहे ना, त्याने सगळं माफ. मध्येच दोन ओळी घुसवायच्या असल्या की तिथून खाली ओढायचं, त्या लेयरवरचं खालचं सगळं, रेघा काय मजकूर काय, एकत्र सरकतं, सिलेक्ट करत बसायची भानगड नाही. मागची पीडीएफ मात्र हलत नाही, त्यामुळे छापील मजकुरावर खुणा केल्या असतील तर हे टूल जपून.

अजून एक, ज्यांना असली खटपट आवडते त्यांच्यासाठी: फाइल म्हणजे जीझिप केलेलं, म्हणजे दाबून लहान केलेलं, एक्सएमएल आहे, वाचता येईल असा खुणा घातलेला साधा मजकूर. कॉपी करून, अनझिप करून उघडली की प्रत्येक मजकुराचे एक्स (आडवी जागा) आणि वाय (उभी जागा) आकडे समोर दिसतात, ७२ म्हणजे एक इंच, दहा नावं एका आडव्या रेषेत आणायची तर सगळ्यांचा वाय सारखा करून टाकायचा.