सासूबाईंची वाटी आणि वजनकाटा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मार्चमध्ये, कैऱ्या उतरायच्या आधी, मी डिजिटल वजनकाटा घेतला. पाच किलोपर्यंतचा, एकेक ग्रॅम दाखवणारा, दोन बारीक सेलवर चालणारा. लोणचं, गणपती आणि दिवाळीचा फराळ असं सगळं त्यावर झालं, तेव्हा आता लिहिते.

वेंगुर्ल्यात मी गणपतीला उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेते. सासूबाईंचं सगळं प्रमाण त्यांच्या पितळी वाटीत, आणि ती वाटी एकच. मदतीला येणाऱ्या दोघी आपापल्या घरी उकड काढतात, त्यांच्या वाट्या वेगळ्या. म्हणून काटा.

पहिल्याच वेळी चुकले. सासूबाई सांगतात, पीठ-पाणी एकास एक. मी 500 ग्रॅम पिठाला 500 ग्रॅम पाणी घेतलं. उकड कोरडी झाली, मळताना तुपाचा हात कितीही लावला तरी पारी फाटायची. एकास एक हे वाटीचं प्रमाण आहे, वजनाचं नाही, हे तेव्हा कळलं. मग ती वाटीच मोजली. पाणी 150 ग्रॅम, म्हणजे वाटी 150 मिलीची. तांदळाचं पीठ हलक्या हाताने भरलं तर 90, दोनदा ओट्यावर आपटलं की 100, दाबून भरलं तर 112. सासूबाई नेहमी दोनदा आपटतात. म्हणजे 500 ग्रॅम पिठाला 750 ग्रॅम पाणी. हा आकडा दोघींना दिला आणि तिन्ही घरची उकड सारखी आली. पीठ जुन्या तांदळाचं असेल तर थोडं पाणी जास्त मागतं, ते मात्र हातालाच कळतं.

सारणात फरक आणखी मोठा. खोबरं वाटीत अलगद पडलं तर जेमतेम 55 ग्रॅम, दाबलं तर 80च्या पुढे. चिरलेल्या गुळाचंही तसंच. आता दोन्ही वजनावरच घेते, त्यामुळे कुठलाच घाणा कमी-जास्त गोड होत नाही.

लोणच्यात काट्याने मला वाचवलं. आमच्याकडे खडे मीठ वापरतात. त्याची वाटी 150 ग्रॅमच्या आसपास भरते, बारीक मिठाची 180. यंदा खडे मीठ संपलं म्हणून बारीक घेतलं. वाटीने घातलं असतं तर बरणी खारट झाली असती.

सासूबाईंच्या आईच्या वहीत 'अर्धा शेर गूळ' असं लिहिलंय. मापाचा शेर वेगळा, त्याची दोन मापटी आणि चार चिपटी. चार शेरांची पायली. वजनाचा शेर 80 तोळ्यांचा, साधारण 933 ग्रॅम. गूळ तागडीत जोखत, म्हणून मी वजनाचा शेर धरून 465 ग्रॅम घेतला. चव जुळली, सासूबाईंनी पहिल्याच घासाला मान हलवली.

केकच्या पाककृतीतला कप मात्र आधी विचारून घ्या. अमेरिकेतला सुमारे 237 मिली, बऱ्याच ठिकाणी 250. मैद्याचा कप मी 120 ते 125 ग्रॅम धरते, साखरेचा 200.

आता उणिवा. काट्यावरचं मिलीचं बटण पाण्यापुरतंच खरं आहे. खोबरेल तेल 100 मिली घेतलं तर वजन 92च्या आसपास भरतं, त्यामुळे त्या बटणावर तेल मोजलं की जास्त पडतं. दोन-तीन ग्रॅमची वेलचीपूड तो नीट पकडत नाही, तिथे चमचाच बरा. गरम टोप थेट ठेवला की आकडा हलत राहतो. मी खाली लाकडी पाट ठेवून आधी शून्य करते. पाणी ओतायला वेळ लागला की तो आपोआप बंद होतो आणि शून्य पुसलं जातं, याचा मला फार राग येतो. पावसाळ्यात सेलच्या जागी हिरवट थर चढला होता. जुलैपासून काम झालं की सेल काढून डब्यात ठेवते.