पडद्यावरची मोरपिशी आणि कागदावरची : कॅलिब्राइटच्या रंगमापकाचा वर्षभराचा अनुभव

येवल्यातील एका पैठणी विणणाऱ्या कुटुंबासाठी मी साड्यांची छायाचित्रे काढतो आणि त्यांची छोटी पत्रकेही घरच्या प्रिंटरवर छापून देतो. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्यांनी ठाण्याला पाठवलेली एक मोरपिशी पैठणी परत आली. सोबतच्या चिठ्ठीत एवढेच होते : ‘फोटोत हिरवी दिसत होती, हातात आली ती निळी.’ त्याच साडीचे मी छापलेले पत्रक दुकानात लावलेले होते आणि त्यावर ती ना हिरवी होती ना निळी, तर धुवून विटलेल्या कापडासारखी काळपट दिसत होती. साडी एक आणि रंग तीन, यातला निदान माझ्या हातातला भाग तरी सुधारावा म्हणून मी कॅलिब्राइट कंपनीचे ‘कलरचेकर डिस्प्ले प्रो’ हे मॉनिटरचा रंग मोजणारे यंत्र घेतले.

हे यंत्र नवे नाही. एक्स-राइट कंपनीने २०११ मध्ये आणलेल्या ‘आय१ डिस्प्ले प्रो’चाच हा पुढचा अवतार असून, २०२१ पासून छायाचित्रकारांसाठीची ही साधने कॅलिब्राइट या नावाने विकली जातात. दिसायला ते संगणकाच्या माऊसएवढे आहे. पुढच्या भिंगावरचा पांढरा पडदा फिरवला की ते खोलीतला उजेड मोजते, आणि तोच पडदा मागे सरकवून मॉनिटरच्या काचेवर टेकवले की काचेचा रंग मोजते. वायरवर सरकणारे एक छोटे वजन आहे. ते मॉनिटरच्या मागे सोडले की यंत्र पडद्यावर जागच्या जागी टेकून राहते, फक्त मॉनिटर जरा मागे कलता ठेवावा लागतो. मग पडद्यावर एकामागून एक रंगीत चौकोन उमटत जातात, यंत्र ते वाचते आणि काही मिनिटांत त्या मॉनिटरचे प्रोफाइल तयार होते. त्यापूर्वी मॉनिटर अर्धा तास तरी चालू असावा, नाहीतर थंड मॉनिटरचे माप घेऊन तापलेल्या मॉनिटरवर काम करण्याचा प्रकार होतो.

येथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. मॉनिटरला ठरावीक उजेडावर आणि ठरावीक पांढऱ्यावर आणणे हे कॅलिब्रेशन. आणि तसा आणल्यावर तो नेमका कोणता रंग कसा दाखवतो याची संगणकासाठी केलेली नोंद म्हणजे प्रोफाइल. ती नोंद फोटोशॉप, लाइटरूम यांसारखी सॉफ्टवेअर वाचतात, पण संगणकावरचा प्रत्येक प्रोग्रॅम ती वाचतोच असे नाही. म्हणून एकच फोटो दोन खिडक्यांत दोन रंगांचा दिसला तर यंत्राला दोष देऊ नये.

मी पांढऱ्यासाठी डी६५ (दिवसाच्या उजेडासारखा प्रमाण पांढरा), गॅमा म्हणजे मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात याचे माप २.२ आणि उजेडासाठी दर चौरस मीटरला १०० कँडेला (कँडेला हे उजेडाचे एकक) ही मापे ठरवली. पहिले दोन दिवस पडदा पिवळट आणि मरगळलेला वाटला व आपण पैसे पाण्यात घातले असेही वाटून गेले. खरे तर माझ्या जुन्या मॉनिटरचा पांढरा रंग बराच निळसर होता आणि डोळ्यांना त्याचीच सवय झाली होती. ठाण्याच्या साडीचे कोडे येथेच सुटले. निळसर पडद्यावर मोरपिशी मला गरजेपेक्षा निळी दिसायची, म्हणून मी संपादन करताना तिच्यात हिरवा चढवत होतो. आणि तो चढवलेला हिरवा माझ्या पडद्यावर दिसत नसला तरी ग्राहकाच्या मोबाइलवर नीट दिसत होता. जुना फोटो आता उघडला, तेव्हा पदरावरचे मोर चक्क पोपट झालेले दिसले.

पत्रक काळपट येण्याचे कारण तर याहूनही साधे निघाले. ‘स्क्रीनवर छान दिसते, प्रिंट मात्र काळी येते’ ही तक्रार बहुतेक सगळ्यांची असते आणि तिचा राग प्रिंटरवर निघतो. वास्तविक ब्राइटनेस पूर्ण चढवलेल्या मॉनिटरवर फोटो मुळातच उजळ भासतो, त्यामुळे आपण तो अंधारा ठेवून देतो. कागदाला स्वतःचा दिवा नसतो. खोलीत जेवढा उजेड पडेल तेवढाच तो परत देतो. मॉनिटरचा उजेड खाली आणल्यावर, प्रिंटरला हातही न लावता, पुढची प्रिंट निम्म्याहून अधिक सुधारली. ज्यांना यंत्र घ्यायचे नाही त्यांनीही पडद्याशेजारी कोरा पांढरा कागद दिव्याखाली धरावा आणि दोन्ही पांढरे साधारण सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवावा. एवढ्यानेही बरीच शाई वाचते.

उरलेले काम हे यंत्र करू शकत नाही, आणि खरेदीपूर्वी हे स्पष्ट असावे. हा रंगमापक स्वयंप्रकाशी पडदा मोजतो. छापलेला कागद मोजायला स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो आणि त्याची किंमत हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरची असते. माझ्याकडे एप्सनचा सहा शाईंचा एल८०५० आहे. त्यासाठी मी रंगीत चौकोनांचा तक्ता कोणतीही रंगदुरुस्ती न लावता छापला, शाई स्थिरावण्यासाठी एक दिवस वाळू दिला आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर असलेल्या एका ओळखीच्या व्यावसायिकाकडून त्या कागदाचे प्रोफाइल करून घेतले. प्रोफाइल कागदागणिक वेगळे लागते; ग्लॉसीचे मॅटला चालत नाही, आणि शाई बदलली तर तेही रद्द.

पहिल्या दोन प्रिंट तरीही भडक किरमिजी आल्या. चूक माझीच होती. फोटोशॉपमध्ये रंगांचा ताबा फोटोशॉपकडे दिला होता, पण प्रिंटरच्या ड्रायव्हरमधली, म्हणजे संगणकावरून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली, रंगदुरुस्ती बंद करायची राहून गेली. एकाच भाजीत दोघांनी मीठ घालावे, तसे दोघांनीही रंग सुधारले. ड्रायव्हरमध्ये ‘नो कलर अ‍ॅडजस्टमेंट’ निवडल्यावर तिसरी प्रिंट साडीशेजारी धरण्याजोगी आली. त्यानंतरही ती कुठे धरता याला महत्त्व आहे : स्वस्त एलईडी दिव्याखाली लाल मंद पडतो आणि कुंकवाच्या रंगाचा काठ विटकरी दिसतो. मी आता खिडकीजवळ, सकाळच्या उजेडातच निकाल देतो.

काही गोष्टी कोणत्याच यंत्राने साधत नाहीत. मोरपिशीतले काही गडद निळे-हिरवे एसआरजीबीच्या, म्हणजे साध्या पडद्यांसाठी ठरवलेल्या रंगांच्या, कक्षेत बसतच नाहीत. १९९८ च्या अ‍ॅडोबी आरजीबी या अधिक मोठ्या कक्षेत ते अधिक बसतात आणि शाई त्यांतले काही छापूही शकते, परंतु साधा मॉनिटर ते दाखवत नाही. जरीची चमक कागदावर मोहरीच्या पिवळ्यावर थांबते. आणि पैठणीत उभा धागा एका रंगाचा व आडवा दुसऱ्या रंगाचा असला, की साडी हलवताच रंग पालटतो. तेव्हा तिचा ‘खरा’ रंग कोणता, हे विणकरही एका शब्दात सांगत नाही. आता आम्ही अशा साडीचे दोन कोनांतून दोन फोटो देतो. ग्राहकाचा मोबाइल कसा दाखवील यावर आमचा ताबा नाही, पण आमच्याकडून निघणारा रंग तरी आता सारखा असतो.

यंत्रासोबतचे सॉफ्टवेअर सोपे आहे. अधिक बारकाव्यांत शिरायचे असल्यास आर्गिलसीएमएस आणि त्यावर बेतलेले डिस्प्लेकॅल ही मोफत सॉफ्टवेअरही याच यंत्रावर चालतात. माझ्या मते पहिले सहा महिने तिकडे वळू नये. महिन्यातून एकदा माप घेणे पुरते, त्यामुळे उरलेले दिवस यंत्र कपाटातच असते. म्हणूनच एकट्याने घेण्यापेक्षा चार-पाच छायाचित्रकारांनी मिळून घेणे शहाणपणाचे, आणि लग्नाचे अल्बम वा कपड्यांची विक्री ज्यांच्या हातात आहे त्यांनी नव्या लेन्सच्या आधी घ्यावे. फक्त मोबाइलवर फोटो टाकणाऱ्यांना त्याची गरज नाही. माझे यंत्र सध्या नाशिकमधील तीन स्टुडिओंत फिरते. अट एकच : परत देताना भिंगावरचा पडदा बंद असावा, कारण गेल्या महिन्यात ते हळदीच्या बोटांचे ठसे घेऊन आले होते.