व्हीसीडी टेस्टिंग, बाणेर साइडची लॅब: रेट जास्त पण रिपोर्ट एक नंबर

आमचं छोटं एपीआय (औषधातला मूळ घटक बनवणारं) युनिट आहे कुरकुंभला. एका इंटरमिजिएटचं (मधल्या टप्प्यातल्या रसायनाचं) आर की एस, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिबिंबासारख्या दोन रूपांपैकी कुठलं, ते पक्कं करून पाहिजे होतं आणि धड सिंगल क्रिस्टल काही येईना, म्हणजे एक्स-रे बाद. कायरल एचपीएलसीत (ही दोन रूपं वेगळी करणाऱ्या टेस्टमध्ये) दोन पीक मस्त वेगळे दिसतात पण कुठला पीक कोणाचा हे रेफरन्स स्टँडर्डशिवाय कोण सांगणार? म्हणून बाणेर साइडच्या एका प्रायव्हेट लॅबला व्हीसीडीसाठी (डावी-उजवीकडे फिरणारी इन्फ्रारेड किरणं मॉलिक्यूल किती कमीजास्त शोषतो ते मोजणारी टेस्ट) सॅम्पल दिलं. एनडीए (गोपनीयतेचा करार) आहे त्यामुळे नाव टाकत नाही.

आधी तक्रार. फोन उचलणारा सेल्सवाला म्हणे "साध्या एनएमआरमध्येच होऊन जाईल सर". अहो, साध्या सॉल्व्हंटमध्ये दोन्ही एनॅन्शिओमरचा (म्हणजे आर आणि एस रूपांचा) एनएमआर सेम टू सेम येतो, मोशर एस्टर बनवा नाहीतर कायरल रीएजंट घाला तेव्हा कुठे फरक दिसतो! डायरेक्ट सायंटिस्टशीच बोला, वेळ वाचेल.

तिथल्या सायंटिस्ट मॅडम मात्र भारी. आमच्या मॉलिक्यूलला अ‍ॅसिड ग्रुप आहे, क्लोरोफॉर्ममध्ये असली अ‍ॅसिडं जोडीजोडीने डायमर करून बसतात आणि मग एकट्या मॉलिक्यूलवर केलेलं डीएफटी कॅलक्युलेशन (कॉम्प्युटरवर काढलेला ग्राफ) मोजलेल्या स्पेक्ट्रमशी जुळत नाही, म्हणून त्यांनी मशीनला लावायच्या आधीच फोन करून मिथाइल एस्टर बनवून मागितला, आणि रेसिमेट (आर-एसचं निम्मं-निम्मं मिश्रण) पण पाठवा म्हणाल्या, बेसलाइन वजा करायला. व्हीसीडीचा सिग्नल मूळ आयआर (इन्फ्रारेड) सिग्नलच्या दहा हजाराव्या भागाएवढा, कधी त्याहून बारीक, त्यामुळे स्कॅन तासन्‌तास चालतो आणि बेसलाइन जराशी हलली तरी सगळं मुसळ केरात.

रिपोर्टमध्ये मोजलेला ग्राफ, त्याखाली आर आणि एस दोन्हीचे कॅलक्युलेटेड ग्राफ, कुठले कन्फॉर्मर (मॉलिक्यूल वळून घेतो ते आकार) धरले, कुठला किती टक्के, सगळं. एसचे पट्टे वर-खाली बरोब्बर बसले, आरचे उलटे. आमच्या क्यूएवाल्याने पण एकही क्वेरी काढली नाही, हे म्हणजे नवलच.

रेट झोंबतो, आणि मॉलिक्यूलला लांब लवचिक साखळ्या असतील तर कन्फॉर्मर वाढतात, कॅलक्युलेशनचं बिल पण वाढतं, हे आधीच विचारून घ्या. उलट्या एनॅन्शिओमरची पॉइंट-वन टक्का इम्प्युरिटी शोधायला इथे जाऊ नका, त्यासाठी कायरल एचपीएलसीच. मॅडमनी स्वतःच तसं सांगितलं, उगाच टेस्ट गळ्यात मारली नाही. चार स्टार, एक त्या सेल्सवाल्याचा कापला.