वरच्या घरातील गळती शोधून देणारी सेवा : भाडेकरूच्या बाजूने एक परीक्षण

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत फक्त गळती शोधून देण्याचे काम करणारी बरीच मंडळी दिसू लागली आहेत. पूर्वी हे काम ओळखीचा प्लंबर किंवा गवंडी छताकडे पाहून अंदाजाने करीत असे. आता ओलावा मोजणारे मीटर, थर्मल कॅमेरा आणि नळाच्या लाइनचा दाब तपासणारा पंप घेऊन तंत्रज्ञ घरी येतात, तपासणीचे वेगळे शुल्क घेतात आणि लेखी अहवाल देतात. ठाण्यात आम्ही भाड्याने राहत असलेल्या सदनिकेसाठी अशीच एक सेवा आम्ही घेतली. तपासणी उत्तम, दुरुस्ती समाधानकारक आणि दुरुस्तीनंतरची आवराआवर निराशाजनक, असे माझे मत झाले. सेवेचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण तक्रारीचे मुद्देही लिहायचे आहेत आणि शिवाय हे परीक्षण कामाच्या पद्धतीचे आहे. ही पद्धत भाडेकरूला कितपत उपयोगी पडते, एवढेच मला येथे पाहायचे आहे.

गळती वरच्या घरातून होत असेल, तर भाडेकरूची अवस्था चमत्कारिक असते. त्रास त्याच्या डोक्यावर ठिबकत असतो. पण ज्या घरात दुरुस्ती करायची ते त्याचे नसते आणि ज्या घरात तो राहतो तेही त्याचे नसते. न्हाणीघराच्या छताला ओल येऊन गिलाव्याचे पोपडे पडू लागले आणि लगतच्या शयनगृहाच्या भिंतीवर लोणा फुलला, तेव्हा आम्ही सोसायटीच्या सचिवांना भेटलो. ते सौजन्याने म्हणाले, ‘तुम्ही सभासद नाही, तुमच्या मालकांचे पत्र आणा.’ नाशिकला राहणारे मालक फोनवर म्हणाले, ‘वरच्यांशी बोलून घ्या ना, चांगली माणसे आहेत.’ वरचे निवृत्त आजोबा आणि आजी खरोखरच चांगली माणसे आहेत. त्यांनी आम्हाला घरात बोलावून चहा दिला, न्हाणीघर उघडून दाखवले आणि म्हणाले, ‘पाहा बरं, कुठे एक थेंब तरी आहे का?’ त्यांचे म्हणणे खरेच होते. फरशीखालून पाझरणाऱ्या पाण्याचा मागमूस वरच्या घरात सहसा दिसतच नाही, आणि निम्म्या भांडणांचे मूळ येथेच असते. आपल्या डोळ्यांना कोरडी दिसणारी जागा गळते आहे, हे केवळ खालच्या माणसाच्या शब्दावर कोणी का मान्य करावे?

नियमांच्या बाजूने पाहिले तर चित्र तसे स्पष्ट आहे. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीनुसार) पावसाच्या पाण्याची गळती तसेच बाहेरील सामाईक जलवाहिनी आणि सांडपाण्याच्या वाहिनीची गळती दुरुस्त करण्याचा खर्च संस्थेने करायचा असतो, तर सदनिकेच्या आतील दुरुस्ती त्या त्या सभासदाने स्वखर्चाने करायची असते. म्हणजे खर्च कोणी करायचा हे पाणी नेमके कोठून येते यावर ठरते, आणि ते कोठून येते हे कोणालाच माहीत नसल्यामुळे प्रत्येक जण हात झटकू शकतो. आमच्याकडे नेमके हेच चालले होते. समितीच्या मते गळती आतली होती, वरच्या आजोबांच्या मते ती डक्टमधील, म्हणजे पाइप नेण्यासाठी ठेवलेल्या पोकळीतील, सामाईक पाइपची होती आणि आमच्या मालकांच्या मते ती पावसाळ्यानंतर आपोआप थांबणार होती.

तपासणीसाठी फोन केला तेव्हा पलीकडच्या माणसाने पत्ता किंवा दर सांगण्यापूर्वी काही प्रश्न विचारले. पाणी दिवसरात्र सारखे ठिबकते की वर कोणी अंघोळ केल्यानंतर वाढते? वरची मंडळी गावाला गेली असताना थांबले होते का? पाऊस नसतानाही ओल राहते का? छताच्या मध्यावर आहे की भिंतीच्या कडेने? हे प्रश्न विचारणारा माणूस काम जाणतो, असे मी तेव्हाच मनाशी धरले. नळाच्या दाबाखालच्या लाइनमध्ये दोष असेल तर पाणी सतत येते, निचऱ्याच्या बाजूला असेल तर वापरानुसार कमीजास्त होते, आणि बाहेरच्या भिंतीतील भेगेतून येत असेल तर ते पावसाशी बांधलेले असते. एवढी विभागणी कोणीही घरबसल्या करू शकतो. आठवडाभर वेळा टिपून ठेवल्या, तर तंत्रज्ञाचा बराच वेळ आणि आपले पैसे वाचतात. तपासणी आणि अहवाल मिळून शुल्क 4,500 रुपये सांगण्यात आले. त्यावर 18 टक्के जीएसटी आकारला जाईल, हे मात्र बिल हाती आल्यावरच कळले.

आलेल्या दोघा तंत्रज्ञांपैकी वयाने मोठे असलेल्या गृहस्थांनी घरात पाऊल ठेवताच पहिली गोष्ट केली ती म्हणजे न्हाणीघरातील दिवा आणि गिझर यांचे एमसीबी (वीजपुरवठा तोडणारे खटके) बंद करायला लावले. छतातून उतरणारे पाणी विजेच्या पाइपमधून दिव्याच्या होल्डरपर्यंत पोहोचू शकते, ही गोष्ट आम्हाला यापूर्वी ना प्लंबरने सांगितली होती ना सोसायटीच्या माणसाने. या एका कृतीसाठीच मी या सेवेला चांगले गुण देईन.

थर्मल कॅमेऱ्याबद्दल थोडे लिहिले पाहिजे, कारण जाहिरातींमध्ये तो भिंतीच्या आरपार पाहतो असा आव आणलेला असतो. प्रत्यक्षात तो पृष्ठभागाच्या तापमानातील फरक दाखवतो. ओल्या जागेचे पाणी उडत असल्याने ती जागा भोवतालच्या कोरड्या जागेपेक्षा थोडी थंड असते आणि पडद्यावर वेगळ्या रंगात उमटते. वातानुकूलनामुळे गार झालेली भिंत किंवा आतून जाणारा गार पाण्याचा पाइपही तसाच दिसू शकतो. आमच्याकडे आलेल्या तंत्रज्ञांनी ही मर्यादा स्वतःहून सांगितली आणि कॅमेऱ्याने दाखवलेल्या प्रत्येक डागावर ओलावा मोजणारे मीटर टेकवून खात्री करून घेतली. जो माणूस फक्त रंगीत चित्रे दाखवून निदान सांगतो, त्याला पैसे देण्याची घाई करू नये.

खरी परीक्षा वरच्या घरात होती. आजोबांनी परवानगी दिली ती तंत्रज्ञांच्या बोलण्यामुळे. त्यांनी गळती तुमचीच आहे असे न म्हणता ‘तुमचा पाइप चांगला आहे हे तपासून देतो’ असे सांगितले, आणि तेवढ्याने दार उघडले. (हे कौशल्य कोणत्याही दरपत्रकात नसते.) आधी न्हाणीघराच्या नळाची लाइन इतर लाइनपासून वेगळी करून पंपाने दाब दिला गेला. घड्याळासारख्या दाबमापकाचा काटा अर्धा तास जागचा हलला नाही, म्हणजे पुरवठ्याचा पाइप निर्दोष होता. नंतर न्हाणी ट्रॅपचे (फरशीवरचे पाणी निचऱ्याच्या पाइपात सोडणाऱ्या भांड्याचे) तोंड बंद करून फरशीवर रंग मिसळलेले पाणी साठवण्यात आले. दुसऱ्या दिवशी ते पाणी फारसे उतरलेले नव्हते आणि खाली रंगही आला नव्हता. मग ट्रॅप उघडून ते सोडले, तेव्हा काही तासांत आमच्या छतावर फिकट गुलाबी डाग दिसू लागला. दोष फरशीत नसून न्हाणी ट्रॅप आणि निचऱ्याचा पाइप यांच्या जोडात होता.

आमची इमारत जुन्या पद्धतीची, म्हणजे न्हाणीघराखाली स्लॅब खोल घेऊन त्या खड्ड्यात विटांचे तुकडे आणि रॅबिट (बांधकामाचा राडारोडा) भरलेली आहे. अशा भरावात जोडातून निसटलेले पाणी साठून राहते आणि मग स्लॅबमधील कमकुवत जागा गाठून सावकाश खाली येते. म्हणून डाग जेथे दिसतो तेथे दोष असेलच असे नाही. आमच्या बाबतीत डाग आणि जोड यांच्यात बरेच अंतर होते. छताला खालून कितीही लेप दिले असते, तरी पाण्याने दुसरी वाट शोधली असती.

अहवालाबद्दल माझे मत संमिश्र आहे. पहिली काही पाने कंपनीची स्तुती आणि यंत्रांची छायाचित्रे यांनी भरलेली आहेत, निष्कर्षाची भाषा बोजड इंग्रजी आहे आणि आजोबांना ती मला मराठीत समजावून सांगावी लागली. मात्र चाचण्यांची तारीख, वेळ, दाबाचे आकडे, रंगीत पाण्याची छायाचित्रे आणि दोषाची जागा दाखवणारा आराखडा, असे जे लागते ते सर्व त्यात आहे. या कागदाने जे साधले ते आमच्या तोंडी विनंत्यांनी साधले नव्हते. मालकांनी तो आपल्या पत्राला जोडून सचिवांना पाठवला, समितीने पुढच्याच बैठकीत विषय घेतला आणि आजोबांनी, आपल्या पाइपमध्ये दोष आहे हे छायाचित्रात पाहिल्यावर, कसलाही वाद न घालता दुरुस्ती मान्य केली. सोसायटीत ज्याला मत नाही, त्याच्या हाती तटस्थ माणसाने केलेली चाचणी असणे किती मोलाचे असते, हे यावरून दिसले. म्हणूनच दुरुस्ती कोणाकडूनही करून घ्यावी, पण तपासणीचा खर्च टाळू नये, असे मी म्हणेन. वरच्या मंडळींनी दारच उघडले नसते तर पुढचा मार्ग समितीमार्फतच होता; पूर्वसूचना देऊन सदनिकेची पाहणी करण्याचा अधिकार उपविधींनी सचिवांना दिलेला आहे, आणि त्यासाठीही अर्ज मालकांच्याच सहीने करावा लागला असता.

दुरुस्तीसाठी याच सेवेचे दरपत्रक मागवले तेव्हा थोडी निराशा झाली. तपासणी करणाऱ्यांनी ट्रॅप बदलायला सांगितला होता, तर कार्यालयातून आलेल्या विक्रेत्याने आमच्या छतातून रासायनिक द्रवाचे इंजेक्शन देण्याचा प्रस्ताव पुढे केला. त्यात वरची फरशी फोडावी लागत नाही, त्यामुळे सगळ्यांना ते सोयीचे वाटते. स्लॅबमधील भेग बुजवण्यापुरता या इंजेक्शनचा उपयोग आहे. निखळलेला जोड त्याने सांधला जात नाही आणि भरावात पाणी साठतच राहते. आम्ही अहवालातील वाक्य दाखवल्यावर प्रस्ताव बदलला. एकाच कंपनीच्या दोन खात्यांनी दोन वेगवेगळी औषधे सांगावीत, हे मात्र मला पटले नाही.

प्रत्यक्ष काम चांगले झाले. ट्रॅपभोवतालचा भाग फोडून ओला भराव उपसला, जुना जोड काढून नवा पाइप आणि नवा ट्रॅप बसवला, पॉलिमरमिश्रित सिमेंटच्या लेपाचे दोन थर दिले आणि फरशी पुन्हा बसवण्यापूर्वी 48 तास पाणी साठवून पाहिले. या शेवटच्या टप्प्यात घाई करणारे गवंडी पुष्कळ असतात; येथे ती झाली नाही. टाइल्सच्या सांध्यांत साध्या सिमेंटऐवजी इपॉक्सी ग्राउट (पाणी सहज न शोषणारे राळेचे मिश्रण) भरला. त्रुटी आहेत त्या कामाभोवतीच्या. ठरलेली तारीख न कळवता पुढे ढकलली, त्यामुळे आजी-आजोबांना मुलीकडे राहायला जाण्याचा बेत बदलावा लागला. उपसलेले डेब्रिज जिन्याच्या वळणावर पोत्यांत तसेच राहिले आणि शेवटी सोसायटीने उचलून घेतले. नव्या टाइल्स जुन्यांशी जुळत नाहीत. हे अपरिहार्य असेल, पण आधी सांगता आले असते.

खर्चाची वाटणी अशी झाली : दुरुस्तीचे पैसे वरच्या आजोबांनी दिले, आमच्या छताचा गिलावा आणि रंग यांचा खर्च मालकांनी केला आणि तपासणीचे शुल्क आम्ही आधी भरून पुढच्या महिन्याच्या भाड्यातून वजा केले. ही वजावट करण्यापूर्वी मालकांची संमती लेखी घेतली होती, आणि भाड्याने राहणाऱ्या प्रत्येकाने ती घ्यावी. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, असे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 मध्ये म्हटले आहे. पण नोंदणी झालेल्या कित्येक करारांत किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने आणि मोठी दुरुस्ती मालकाने करावी एवढेच मोघम वाक्य असते आणि गळतीचा उल्लेखच नसतो. कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी आम्ही तो उल्लेख स्वतंत्र कलमाने घालून घेतला.

छत रंगवण्याची घाई करू नका, ही तंत्रज्ञांची सूचना मालकांना प्रथम पटली नाही. गळती थांबली तरी स्लॅबमध्ये मुरलेले पाणी सुकायला वेळ लागतो आणि त्याआधी रंग दिला तर पोपडे पुन्हा सुटतात. सेवेने कबूल केल्याप्रमाणे काही आठवड्यांनी एक माणूस मीटर घेऊन आला, आकडे आधीच्या अहवालाशी ताडून पाहिले आणि त्यानंतरच रंगारी बोलावला गेला. या फेरीचे पैसे घेतले नाहीत.

पाच वर्षांची हमी आहे, पण ती काम ज्यांच्या घरात झाले त्या आजोबांच्या नावावर आहे. पुन्हा ओल दिसली तर तक्रार त्यांनीच करायची, आणि त्यांना ती दिसणार नाही. हे लक्षात आणून दिल्यावर सेवेने हमीपत्रात आमच्या सदनिकेचा क्रमांकही घातला आणि त्याची एक प्रत मालकांना, एक आम्हाला दिली. हा बदल मागितल्याखेरीज कोणी करून देत नाही. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी तो मागून घ्यावा.